वाघ्या घेवड्याला गाव आहे, घराला नाही

‘कोरेगाव’ हा शब्द उच्चारताच इतिहासाच्या वाचकाला १८१८ची लढाई आणि भीमेकाठचा स्तंभ आठवतो. जमिनीचे भाव पाहणाऱ्याला पुण्यातले कोरेगाव पार्क आठवते. हा धागा तिसऱ्या कोरेगावाविषयी आहे. साताऱ्याच्या पूर्वेस, पुणे-मिरज लोहमार्गावर, तीळगंगेच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. पाठ्यपुस्तकातली लढाई त्याच्या नावावर नाही, म्हणून आपल्यासारखे हौशी त्याच्याकडे वळत नाहीत. आज मुद्दाम वळू या.

या तालुक्यात पिकणाऱ्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. इथली माती, इथली हवा आणि इथले पाणी यांच्या गुणाने हा घेवडा इतर ठिकाणच्या घेवड्याहून वेगळा ठरतो, हे कायद्याने मान्य केले आहे. एका कडधान्याला कायद्याने गाव दिले.

त्याच मातीवर कोणी घर बांधायला निघाला, की दुसरा कायदा पुढे येतो आणि त्याला गाव दिसत नाही. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली’ मंजूर केली. मुंबई, काही विशेष प्राधिकरणे, औद्योगिक क्षेत्रे, गिरिस्थाने आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे असे अपवाद सोडले, तर उरलेल्या महाराष्ट्राला ती एकच. पुण्याच्या उपनगराला जी पोथी, तीच कोरेगावला.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. शहरे आपले बांधकामाचे नियम वेळोवेळी नव्याने लिहितात, असे आपण म्हणतो. आपल्याकडे शहरे ते लिहीत नाहीत. ते दुसरीकडे लिहिले जातात, आणि गावाच्या वाट्याला हरकतींचा एक महिना येतो. ही प्रथा जुनी आहे, म्हणूनच ती इतिहासाचा विषय आहे. आणि ती मोडता येण्यासारखी आहे, म्हणून हा धागा.

प्रथम जुने कागद पाहू. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची असली, तर सरकार कौल देत असे. अमुक जागी पेठ वसवावी, येऊन राहणाऱ्यांना अमुक वर्षे कर माफ, शेटे-महाजनांचे हक्क असे असे. पुण्याच्या पेठांचा इतिहास वाचणाऱ्यांना हे कागद परिचयाचे आहेत. कौलात जागेचे नाव असे, माणसाचे नाव असे, मुदत असे. म्हणजे नियम कोणाशी बोलतो आहे, हे नियमातच लिहिलेले असे.

एवढे वाचून कोणाला जुन्या काळाचा उमाळा आला असेल, तर तो इथेच आवरावा. त्या काळातला सर्वांत कठोर बांधकाम नियम कोणत्याही कागदावर नव्हता. तो गावकुसाच्या भिंतीत होता. कोणी भिंतीच्या आत राहायचे, कोणी बाहेर, कोणाचे पाणी कोणत्या विहिरीचे, वाऱ्याच्या कोणत्या दिशेला कोणाची वस्ती, हे सारे जातीने ठरवलेले होते. आज ज्याला आपण ‘झोन’ म्हणतो, त्याचा अर्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला ‘झोन’ हा शब्द येण्याच्या शतकानुशतके आधी ठाऊक होता. जमिनीवर ओढलेली रेषा माणसाचे आयुष्य ठरवते, हे सिद्ध करायला आपल्याला परदेशातली उदाहरणे शोधायला नकोत.

१८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि हा मुलूख कंपनीच्या मुंबई इलाख्यात गेला. पुढच्या दशकांत मोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुराकडे सुरू केलेल्या पद्धतीने शेतांचे क्रमांक पडले आणि आकार ठरला. सरकारला रस महसुलात होता. त्यामुळे पिकणारी जमीन बारकाईने मोजली गेली, आणि जिथे माणसे राहत होती ते गावठाण बिनआकारी म्हणून बाजूला ठेवले गेले. शेत आणि गावठाण यांच्यामधली ही सीमा कारकुनी सोयीची होती. गाव कोठवर वाढावे याचा विचार करून ती कोणी ओढलेली नव्हती.

१८७९च्या मुंबई जमीन महसूल संहितेने तिला धार आणली. शेतजमिनीचा शेतीखेरीज दुसरा उपयोग करायचा, तर कलेक्टरची परवानगी हवी, असे कलम ६५ने ठरवले. आजही तुमच्या घरात कोणी ‘प्लॉट एन.ए. आहे का?’ असे विचारत असेल, तर तो प्रश्न १८७९चा आहे. आणि आजच्या नियमावलीतही गावठाणासारख्या दाट वस्तीला एक कोष्टक आणि तिच्या बाहेरच्या जमिनीला दुसरे कोष्टक लागते. विंगेटच्या साहेबी मोजणीने जी रेषा केवळ सारा गोळा करण्यासाठी मानली, तिच्यावर तुमच्या घराचे मजले ठरतात. मोडीतल्या सनदेचे एक अक्षर लावण्यासाठी आपण रात्र जागवतो, आणि ही जिवंत सनद मात्र कोणी उलगडून पाहत नाही.

आता मुंबईकडे जावे लागेल, कारण पुढचे सगळे नियम तिकडून आले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा-उजेड आत आणायचा, हे त्याचे काम. फ्रँकफुर्ट शहराने १८९१ साली आपल्या भागांना वेगवेगळे बांधकाम नियम लावले होते, ब्रिटनने १९०९ साली नगररचनेचा कायदा केला होता. त्या वाऱ्यावर १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. हिंदुस्थानातला हा असा पहिला कायदा.

या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर हे हवा-उजेडाने झपाटलेले गृहस्थ होते. १९१०च्या दशकात त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे रेटला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा नसावा. शाळेतली त्रिकोणमिती आठवा. या कोनाचे गुणोत्तर दोनास एक आहे. इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा दोन इमारतींमध्ये हवी.

आता एकत्रिकृत नियमावली उघडा. उंच इमारतींसाठी बाजूचे सामासिक अंतर साधारणपणे उंचीच्या एक-पंचमांश धरले आहे. तीस मीटर उंचीला सहा मीटर. शेजाऱ्याचे सहा मिळवले तर बारा. ऑरसाहेबांच्या हिशेबाने पंधरा लागले असते. प्लेगच्या भयाने वसाहतवादी अधिकाऱ्याने जेवढा उजेड मागितला, तेवढाही स्वतंत्र महाराष्ट्राने शंभर वर्षांनंतर मागितलेला नाही. साहेबाचे गुणगान करण्यासाठी हे लिहीत नाही. त्याच्या ट्रस्टने घरे बांधली त्याहून पाडली अधिक, अशी टीका त्याच्या काळातही झाली. प्रश्न एवढाच की हा आकडा पंधरावरून बारावर आला, तेव्हा त्याची चर्चा कोठे झाली? तुम्ही ऐकलीत का?

१९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. आजचा सगळा व्यवहार याच कायद्यावर चालतो. प्रत्येक नियोजन प्राधिकरणाने आपली विकास योजना करावी, तिच्यात शाळा, बाजार, उद्याने, रस्ते यांसाठी जागा राखून ठेवाव्यात, प्रारूप प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती ऐकाव्यात, मग शासनाने मंजुरी द्यावी, अशी रचना. कागदावर ती चांगली आहे. तिच्यातल्या दोन कलमांकडे आपण शेवटी येऊ. त्याआधी गिरणगावात थांबणे भाग आहे.

गिरणगाव हे कोरेगावच्या धाग्यात कशाला, असे कोणी विचारू नये. परळ-लालबागच्या चाळी म्हणजे कोकणाप्रमाणेच सातारा-सांगलीकडच्या घरांचे दुसरे गाव होते. घाटावरचा पोरगा मुंबईला जाई, गाळ्यात राही, खानावळीत जेवी, आणि पैसे गावी पाठवी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या कधीच उभ्या राहिल्या नाहीत. हे आपल्याला माहीत असते. यानंतरचे मात्र फारसे सांगितले जात नाही.

मुंबईत ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम क्रमांक ५८ होता. गिरणीची जमीन विकसित करायची, तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे करावेत. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी, उरलेला मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित विचार करण्याचा आराखडा दिला. तो बासनात गेला.

२००१ साली नियम ५८ बदलला. बदलाचे सार एका वाक्यात मावते. वाटणी आता संपूर्ण जमिनीची व्हायची नाही. गिरणीच्या आवारातली जी जागा आधीपासून मोकळी होती, तेवढीच वाटायची. गिरणी म्हणजे सगळीकडे छपरेच. छपराखालची जमीन वाटणीतून निसटली आणि जनतेचे दोन वाटे आटून गेले. २००५ साली उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूचा अर्थ लावला. २००६च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून शासनाचा बदल उचलून धरला. गिरणी कामगारांची घरे उभी राहायची ती म्हाडाच्या या आटलेल्या वाट्यातून. अर्ज आले दीड लाखांच्या आसपास. त्या अर्जांमध्ये आपल्या तालुक्यांतली नावे किती असतील, याचा विचार करा. कोणी लढाई हरले नव्हते, कोणी तहावर शिक्का उठवला नव्हता. एका नियमातले काही शब्द बदलले होते.

आणि त्याच २००१ साली, त्याच राज्यात, दुसरा एक कायदा झाला: गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा अधिनियम. सांगलीकडच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. शेतजमीन विनापरवाना गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विकली जाते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. गावठाणात जागा नाही, रीतसर भूखंड परवडत नाही, म्हणून गवंडी, हमाल, शिपाई, सुताचा कामगार असा माणूस तो गुंठा घेतो आणि चार भिंती उभ्या करतो. २००१च्या कायद्याने त्याला सांगितले की शुल्क भर, कागद आण, मग तुझे अपराधी घर आम्ही पदरात घेऊ. वीस वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामे त्यात घेतली गेली.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत, अशी माझी विनंती आहे. लहान माणसाने नियम मोडला, तर त्याला ‘अनधिकृत’ म्हणतात आणि त्याने दंड भरायचा. मोठ्याला नियम अडचणीचा झाला, तर त्याला ‘फेरबदल’ म्हणतात आणि तो राजपत्रात छापून येतो. गुंठेवारी हा शिस्तीचा प्रश्न आहे, असे सांगणाऱ्यांनी आधी हे उत्तर द्यावे की १८७९पासून आजवर गरिबाच्या घरासाठी परवडणारी, कायदेशीर जागा या नियमांनी कोठे ठेवली.

आता परत कोरेगावला. ग्रामपंचायत असताना इथल्या गावठाणातले बांधकाम ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२खाली पंचायतीच्या परवानगीने व्हायचे. गावठाणाबाहेर महसूल खात्याचे राज्य. साधारण दशकापूर्वी शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा दिला. सातारा जिल्ह्यात कोरेगावबरोबर वडूज, दहिवडी, पाटण, मेढा, खंडाळा या गावांना हा मान मिळाला. पाटी बदलली, मुख्याधिकारी आले, प्रभाग पडले. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातही आली नाही. नगरपंचायत झाली, म्हणजे गाव १९६६च्या कायद्याने ‘नियोजन प्राधिकरण’ झाले. आपला नकाशा आपण करायचा अधिकार गावाच्या इतिहासात प्रथमच हाती आला.

अधिकार हाती आला आणि काही वर्षांतच त्याचा गाभा मुंबईत गेला. नकाशा तुमचा, पण त्या नकाशावर काय, किती आणि केवढे उंच बांधायचे याची पोथी आमची, असा एकत्रिकृत नियमावलीचा अर्थ होतो. तीत संस्थांचे वर्ग आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महापालिकेला अधिक, नगरपंचायतीला कमी, असा फरक कमाल मर्यादेत केला आहे. पण दाट वस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक सर्वांना १.१, आणि त्यावर किती चढवायचे याचे मुख्य निकष दोन: संस्थेचा दर्जा आणि समोरच्या रस्त्याची रुंदी. खडक किती खोल आहे, उन्हाळ्यात टाकीत पाणी किती दिवसांनी येते, ओढा कोठून वाहतो, सांडपाणी शेवटी कोणाच्या शेतात उतरते, यांपैकी कशालाही त्या कोष्टकात रकाना नाही. कोरेगाव तालुक्याचा उत्तर भाग दुष्काळी आहे. वसना-वांगना उपसा सिंचन योजना त्याच्यासाठीच करावी लागली. तरीही रस्ता रुंद आहे ना, मग मजले चढवा.

शिवाय चढवायचे ते विकत घेऊन. मूळ निर्देशांकावर अधिमूल्य भरून जादा क्षेत्र, टीडीआर आणून आणखी, आणि जिने, बाल्कन्या, मार्गिका यांच्या नावाने अनुषंगिक क्षेत्र: निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत, इतरांना ८० टक्क्यांपर्यंत, तेही अधिमूल्य भरून. गावाची सोसण्याची ताकद मोजण्यासाठी जो आकडा जन्माला आला, त्याची आता दुकानात पुडी बांधून मिळते. नगरपंचायतीच्या तिजोरीत त्यातून काही पडते, म्हणून तीही बोलत नाही. सोन्याची सुरी म्हणून उरी मारून घेऊ नये, हे आपल्या आज्या सांगत.

प्रतिपक्ष काय म्हणतो तेही ऐकू, कारण तो मूर्ख नाही. पूर्वी प्रत्येक गावाचा नियम वेगळा, अर्थ लावणारा अधिकारी वेगळा, आणि वेगळेपणाच्या प्रत्येक फटीत हात ओला करण्याची सोय. एक नियम आला की मनमानी संपते. लहान भूखंडधारकाला दिलासाही मिळाला: १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी ठरते. हे खरे आहे आणि चांगले आहे. ज्याने घराच्या परवानगीसाठी महिनोन्महिने चपला झिजवल्या आहेत, त्याच्यासमोर जुन्या व्यवस्थेचे कौतुक करण्याची माझी हिंमत नाही.

पण परवानगी देण्याची रीत एक असणे वेगळे, आणि नियमाचा आशय एक असणे वेगळे. अर्ज कसा करावा, किती दिवसांत उत्तर द्यावे, नकाशा कोणत्या पद्धतीने काढावा, हे राज्यभर एकच असावे. त्याला कोण नाही म्हणेल? नदीकाठापासून किती दूर राहावे, हे राज्यभर एक कसे असेल? या दोन गोष्टी एकाच पुडक्यात बांधून पहिलीच्या पुण्याईवर दुसरी खपवली गेली. आणि जी मनमानी संपली म्हणता, ती संपली नाही. ती जिल्ह्याच्या कचेरीतून मंत्रालयाच्या मजल्यावर चढली. गावातल्या अधिकाऱ्याला निदान गावातल्या चार माणसांच्या डोळ्याला डोळा द्यावा लागे.

एकच नियम नदीला लावला की काय होते, हे पाहायला सांगलीला चला. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी, आणि मुख्य अट अशी की जोते लाल रेषेच्या पातळीहून वर घ्यावे. २००५ साली कृष्णा शहरात शिरली. २०१९ साली ती २००५च्याही वर चढली. २०२१ साली पुन्हा आली. सोळा वर्षांत तीन वेळा. शंभर वर्षांचा हिशेब नदीने वाचलेला नाही.

जोते उचलण्याच्या अटीचा जमिनीवरचा अर्थ पाहा. ज्याच्याकडे पैसा आहे तो भराव टाकून वर जातो. भरावाने अडवलेले पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या जुन्या, बुटक्या घरात जाते, आणि ते घर बहुधा गुंठेवारीतले असते. नियम पाळणाऱ्याचा पूर नियम न परवडणाऱ्याच्या घरात. एका भूखंडापुरता हा नियम शहाणा वाटतो, साऱ्या काठाचा विचार केला की तो क्रूर होतो. काठावर राहणाऱ्याला हे लगेच दिसते. कोष्टक करणाऱ्याला दिसत नाही, कारण कोष्टकाला शेजारी नसतो.

आता ती दोन कलमे. विकास योजनेत वा तिच्या नियमांत किरकोळ फेरबदल करण्यासाठी कलम ३७ आहे. त्याच्या (१कक) या पोटकलमाने शासन स्वतःहून, सार्वजनिक हिताच्या नावाने, फेरबदल सुरू करू शकते. सूचना निघते, महिनाभर हरकती मागवल्या जातात, मग मंजुरी. संपूर्ण महाराष्ट्राची नियमावली बदलण्याचा हा २०२०चा प्रयोगही याच वाटेने, प्रादेशिक योजनांसाठी कलम २०ची जोड घेऊन झाला. प्रारूप २०१९च्या मार्चमध्ये निघाले होते. ‘किरकोळ फेरबदल’ या शीर्षकाच्या दारातून एवढा हत्ती आत आला.

दुसरे कलम १५४. त्याखाली शासन प्राधिकरणांना निदेश देऊ शकते. या कलमाचा उपयोग करून प्रस्तावित बदल हरकती ऐकण्यापूर्वीच अमलात आणल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे एकीकडे राजपत्र तुम्हाला विचारते, ‘आपले काही म्हणणे आहे काय?’, आणि दुसरीकडे त्याच नियमाने नकाशे मंजूर होऊ लागलेले असतात. निकाल आधी आणि साक्ष मागून. कोणत्याही बखरीत हा प्रसंग आला असता, तर आपण त्या दरबारावर केवढा धागा लिहिला असता!

भाषेचेही तसेच. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला, कारभाराचे शब्द आपल्या भाषेत असावेत म्हणून, याचा आपण दर वर्षी अभिमान बाळगतो. आणि ज्या नियमावलीने आपल्या गावाचा प्रत्येक मजला ठरतो, तिची कचेऱ्यांमधून व वास्तुविशारदांच्या टेबलावर फिरणारी शेकडो पानांची प्रत इंग्रजी आहे. अभिमान कोशाचा, व्यवहार परक्या शब्दांचा.

तर कोरेगावने काय मागावे? मागणी मोठी नाही. शहराच्या नियमांना स्थानिक परिशिष्ट असावे आणि ते नगरपंचायतीने करावे. तीळगंगा आणि तिला मिळणारे ओढे यांची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांच्या काठच्या मोकळ्या पट्ट्या त्यात नोंदवाव्यात. वरचे मजले देताना रस्त्याच्या रुंदीबरोबर पाणीपुरवठ्याची क्षमता हाही निकष धरावा. जुन्या गावकुसाबाहेर ज्या वस्त्या ढकलल्या गेल्या, त्यांच्या रस्त्यांना, गटारांना, मोकळ्या जागांना योजनेत पहिला हक्क मिळावा, कारण १५० वर्षांच्या रेषांची बाकी तिथे थकली आहे. आणि एक-दोन गुंठ्यांचे रीतसर, परवडणारे भूखंड योजनेतच आखून द्यावेत, म्हणजे गुंठेवारीचा दंड आकारण्याची वेळ तिसऱ्यांदा येणार नाही.

इथे तुमचे काम सुरू होते. ओढ्याचे पाणी कोणत्या साली कोणत्या देवळाच्या पायरीला लागले, हे शासनाच्या कोष्टकात नाही. ते गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजींना ठाऊक आहे. कोणता रस्ता मुळात पाणंद होती, कोणते शेत पूर्वी तळ्याचा पोट होते, हे जुन्या मोजणीच्या नकाशांत आणि फेरफाराच्या नोंदींत सापडते. हे कागद वाचायची सवय असलेली माणसे गावात कोण आहेत? तुम्हीच. ताम्रपटाचा ठसा घेताना जेवढी काळजी घेता, तेवढीच घेऊन ही टिपणे करा. साल, ठिकाण, सांगणाऱ्याचे वय, नकाशावरची खूण.

राजपत्राची पुणे विभागीय पुरवणी शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. दर आठवड्याला तिच्यात ‘कोरेगाव’, ‘सातारा’, ‘कलम ३७’, ‘कलम २६’ हे शब्द शोधायला दहा मिनिटे लागतात. दोघांनी-तिघांनी आळीपाळीने हे काम वाटून घ्यावे. प्रारूप विकास योजना निघाली, तर नगरपंचायतीत नकाशा पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि हरकतींसाठी तीस दिवस आहेत. त्या हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात प्रत्यक्ष हजर राहून बोलता येते.

हरकतीला वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक घालून, एका अर्जात एकच मुद्दा लिहावा. सोबत तुमच्या टिपणाची प्रत जोडावी. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने आवक-जावक टेबलावर द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.